कडेचा उजेड

गजभिये काका काचेची निगेटिव्ह हातात घेण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. मग प्लेट दोन्ही कडांनी धरून उजेडासमोर न्यायचे आणि बराच वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. मी 'हॅलो' म्हटलं तरी नाही.

ऐंशीच्या दशकात, बॉस्टनजवळच्या एका म्युझियमच्या तळघरात, आम्ही दोघं मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या कोरीव शिळांच्या जुन्या फोटोंचे नवे प्रिंट काढत असू. कुणीकुणी खेचरांवर कॅमेरे लादून जंगलात जाऊन काढलेले ते फोटो. काका नागपूरचे, मी साताऱ्याची. आम्ही राहायचो त्या श्रूजबरी गावाहून मला त्यांच्याच गाडीतून राइड मिळायची.

अक्षरं पुसट दिसली की मी कॉन्ट्रास्ट वाढवायला धावायचे. काका थांबवायचे. त्या जुन्या फोटोग्राफरांनी ऊन तिरपं होईपर्यंत वाट पाहिली तेव्हा कुठे अक्षरं उठली, असं सांगायचे. "समोरून उजेड टाकला का दगड गप्प बसते, पोरी. कडेनं टाकला का बोलते."

एकदा डेव्हलपरच्या ट्रेमधल्या कागदावर एका राजाचा चेहरा हळूहळू वर आला. ओठ तुटका, नाकावर चीर. चीर रिटच करून टाकू का, असं मी विचारलं तर काका चिडलेच. चोरांनी तो दगड करवतीनं कापून नेला होता. चेहरा आता या काचेवरच उरला होता. "आहे तसा राहू दे त्याले," एवढंच म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या गालभर देवीचे व्रण होते. "आपलंबी कोरीव कामच आहे ना बाप्पा," म्हणून हसायचे. मला त्यांचा फोटो हवा होता, फार हवा होता. पण मी कॅमेरा काढला की ते चहा करायला उठायचे.

काका हार्ट अटॅकनं गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बुद्धमूर्तीशेजारी त्यांची फ्रेम होती. घरात होता तो एकुलता एक फोटो त्यांच्या मुलानं, रवीनं, स्टुडिओत देऊन त्यावरच ब्रश फिरवून घेतला होता. एकही व्रण नव्हता.

"ही लुक्स पीसफुल, ना ताई?" रवी म्हणाला.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. मला मात्र रडू आलं नाही.

सगळे जेवायला उठल्यावर मी कोपऱ्यातला टेबललॅम्प उचलून फ्रेमच्या कडेला धरला. गाल तसेच गुळगुळीत राहिले.