पाणी सुटेपर्यंत

जानेवारीत आइसपॅकला घाम यायला वेळ लागतो, हे सालेकसा तालुक्यातल्या त्या आरोग्य केंद्रात सुशीलाबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दर मंगळवारी लसीचा डबा स्कूटीला बांधून ती गावोगावच्या अंगणवाडीत पोहोचवायची. उन्हाळ्यात फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक टेबलावर मांडले की चहा होईपर्यंत ओले. आज पाऊण तास झाला तरी चारही दगडासारखे होते. बादलीभर पाण्यात टाकले असते तर त्यांना लवकर पाणी सुटलं असतं, पण पाण्याची मोटर कालपासून बंद.

"बाई, नऊ वाजले. भरा अन् निघा," नवे औषधनिर्माते वीरेंद्रसर म्हणाले. गोंदिया शहरातून बदलून आलेले. आज लसीकरण बघायला तालुक्याचे साहेब यायचे होते.

"गोठलेले आहेत अजून."

"तो अच्छा है ना. जितकं थंड, तितकी लस टिकते."

"लस थंड पायजे सर. गोठली नाही पायजे."

नऊ वर्षांपूर्वी तिलाही तसंच वाटायचं. घाईत आइसपॅक थेट भरून ती निघाली होती. अंगणवाडीत सिस्टरने कुपी हलवून उजेडात धरली, तर तळाशी फाटल्या दुधासारख्या कण्या. लस फेकावी लागली, बावीस लेकरं परत गेली. त्यांतल्या एका पोरीची आई जंगलवाटेने दीड कोस चालून, तिला कडेवर घेऊन आली होती. ती पुढच्या महिन्यात आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सुशीलाबाईला कुणी एक शब्द बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं.

तेव्हापासून ती बर्फाला ओळखून होती. बर्फाला ऊब हवी असते आणि जवळ जो असेल त्याच्याकडून तो ती ओढतो. बाहेर हवेतून घेऊ दिली नाही, तर डब्यात जाऊन औषधातून घेतो.

"ओमेश घेऊन जाईल," वीरेंद्रसर म्हणाले. "डबा द्या त्याच्याकडे."

केंद्राचा ड्रायव्हर ओमेश दारातच उभा होता. सुशीलाबाईने डब्याचं झाकण काढून काखेत धरलं; झाकणाशिवाय डबा कुठे जाणार नव्हता. मग शाल उघडली आणि एकेक करत चारही आइसपॅक पोटाशी धरून बाकावर बसली. पहिल्या धक्क्याला तिचा श्वास अडकला, पण चेहरा तसाच.

"काकू, काऊन पोटाशी बर्फ धरून राहिल्या?" ओमेश म्हणाला. "थंडी भरंल ना."

"माझं पोट लय गरम आहे. पंचवीस वर्षं सासूचं ऐकलं. बर्फाला नेऊ दे थोडी गरमी."

ओमेश हसला. वीरेंद्रसर हसले नाहीत. "मी वर लिहून पाठवीन, बाई. हे काम जाईल तुमचं."

"पाठवा. टायम लिहा. अन् तुम्ही गोठलेले भरायला सांगत होते, तेही लिहा."

ते आत जाऊन खुर्चीत बसले. काहीच लिहिलं नाही.

दहाला दहा कमी असताना तिने एक आइसपॅक त्यांच्या कानाजवळ नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं. मग तिने चारही पुसले, डबा भरला, झाकण लावलं आणि निघाली. शालीखालचं लुगडं ओलं होऊन पोटाला चिकटलं होतं.

अंगणवाडीत साहेब पाऊण तास ताटकळले होते. सिस्टरने कुपी हलवली, उजेडात धरली आणि पहिलं लेकरू पुढे घेतलं. त्या दिवशी कुणीच परत गेलं नाही.

शुक्रवारी तालुक्याहून मेमो आला: उशिराचं कारण द्या. सुशीलाबाईने लिहिलं, 'आइसपॅकला पाणी सुटलं नव्हतं.'

वीरेंद्रसरांनी वाचलं. त्यांचा आवाज आता जरा उतरला होता. "खाली 'यापुढे असं होणार नाही' लिहा, बाई. मिटून जाईल."

"ते कसं लिहू, सर?" सही करून तिने कागद त्यांच्याकडे सरकवला. "थंडी त फेब्रुवारीपर्यंत राहते."