माझा मास्क आणि आप्पांचा अबोला

कोरोना गेला, आणि आमच्या चौसाळ्यातनं मास्क त्याच्याही आधी गेला. काही दिवस तो हनुवटीला लटकला, मग एका कानाला लोंबला, मग मोटरसायकलच्या आरशाला अडकवलेला दिसू लागला. शेवटी शेजारणीनं त्याच्या नाड्या कापून टोमॅटोची रोपं काठीला बांधली. नाकातोंडावर नीट मास्क लावून फिरणारी गावात मी एकटी उरले, आणि एकटं उरलेलं माणूस म्हणजे गावाला फुकटची करमणूक.

आमची हायवेच्या कडेला पिठाची गिरणी आहे आणि शेजारच्या खोलीत मिरची-हळदीचं कांडप. गिरणी आमचे हे बघतात, कांडप माझ्याकडे. कितीतरी वर्षं मी नाकाला पदर बांधून मिरची कांडली. तरी शिंकून शिंकून जीव जायचा, संध्याकाळपर्यंत डोळे लालभडक. मास्क आला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मिरची न शिंकताही कांडता येते. मग तो मी सोडला नाही. बाहेर पडलं की ट्रकांची धूळ होतीच, म्हणून बाहेरही ठेवला.

लोकांना मी एवढंच कारण सांगते. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की माझ्या तोंडावर काही म्हणता काही लपत नाही. कुणी बुरशी लागलेली मिरची आणली की मी बोलायच्या आधी माझं नाक बोलतं. माझ्या जिभेनं जेवढी भांडणं लावली असतील त्याहून जास्त माझ्या चेहऱ्यानं लावलीत, आणि जीभही काही कमी नाही. मास्क लावल्यावर हा सगळा ताप मिटला. मावससासूबाई समोर बसून आपल्या सुनेची उणीदुणी काढत होत्या, मी मान डोलवत होते आणि मास्कच्या आत त्यांना जीभ काढून दाखवत होते. लग्नानंतर एवढं सुख मला क्वचितच मिळालं असेल.

गावाला मात्र ते बघवेना. एकीनं ठरवलं की मला टीबी झालाय. दुसरीनं ठरवलं की माझे पुढचे दात पडलेत. तिसरीला दोन्ही पटलं नाही. तिच्या मते नवऱ्यानं मारलं असणार. हे ऐकून आमचे हे आठवडाभर गिरणीत मान खाली घालून बसले, कारण मला मारण्याची कल्पनासुद्धा त्यांना कधी झेपली नसती. एसटीत मी एकदा खोकले की शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची. ही सोय मी दोन-तीनदा मुद्दाम वापरली, खोटं कशाला बोलू.

मला राग याचा यायचा की स्कूटीवरच्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात गुंडाळतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. उन्हाळ्यात बापई माणसं रुमालानं तोंड बांधून दरोडेखोरासारखी फिरतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. वीतभर कापडाला दोन नाड्या लावल्या की मात्र साऱ्या गावाच्या पोटात दुखतं. असं मी पिठाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायांना एकदा ठणकावून विचारलंही. त्यावर एक म्हातारी शांतपणे म्हणाली की बाई, तू काय बोललीस ते मास्कमुळं कळलंच नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आप्पाही गावाच्या बाजूला गेले.

आप्पा म्हणजे माझे वडील. माझं माहेर नांदूरघाटच्या बाजूला, आणि आप्पा जनावरांच्या बाजारातले दलाल. आयुष्यभर त्यांनी बैलांचे सौदे जमवले. आमच्याकडं हा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. कोणतं बोट धरलं, किती बोटं दाबली, त्यावरून भाव कळतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. हात असे झाकलेले, पण तोंड उघडं पाहिजे, हा आप्पांचा कायदा. बोटं भाव सांगतात आणि माणूस अजून किती वर येईल ते त्याचं तोंड सांगतं, असं ते म्हणायचे. आप्पांनी तोंड वाचलं आणि ते चुकले, असं मी कधी ऐकलं नाही.

बाजाराला जाताना ते आमच्या गिरणीपाशी सवारीच्या जीपमधून उतरायचे. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, खांद्यावर उपरणं. माझ्यासमोर पोत्यावर बसायचे आणि बशीत ओतून चहा प्यायचे. गिरणी आणि कांडप दोन्ही चालू असलं की आमच्याकडं कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. गिऱ्हाईकं हातवारे करतात, हे ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. पण मी साध्या आवाजात बोलले तरी आप्पांना सगळं कळायचं. मला त्याचा फार अभिमान होता. बापलेकीचं असंच असतं, असं मी सगळ्यांना सांगायची. आई गेल्यापासून तो चहा हेच माझं माहेर होतं. फोनवर ते कधी बोलायचे नाहीत. "हां, बरं हाय," एवढं म्हणून फोन भावजयीच्या हातात द्यायचे.

कोरोनात बाजार बंद, जीप बंद, आप्पा घरात. भावजय सांगायची की फार चिडचिडे झालेत. त्या दिवसांत चिडचिडं कोण नव्हतं? सगळं सुरळीत झाल्यावर ते पहिल्यांदा गिरणीत आले, पोत्यावर बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "काड ते." मी मिरचीचं सांगितलं. ते नुसते बघत राहिले. मी पुन्हा सांगितलं, मग धुळीचंही सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि तोंड झाकणाऱ्याशी मी बोलत नाही असं म्हणून उठून गेले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर जीप गिरणीवरून तशीच पुढं जाऊ लागली. आप्पा पुढच्या सीटवर, नजर सरळ रस्त्यावर. मीही कांडपावरून मान वर करायची नाही असं ठरवलं होतं, पण जीपचा हॉर्न ओळखीचा झाला होता आणि मान आपोआप वर व्हायची. आमचे हे म्हणाले, काढ की घटकाभर, तुझं काय जातंय. जात काहीच नव्हतं. पण साऱ्या गावानं हसावं आणि शेवटी बापानंही गावाचीच री ओढावी, हे मला झोंबलं होतं. हट्टी मी आहेच, आणि तो हट्ट कुणाकडून आला हे जीपच्या पुढच्या सीटवर बसून जातच होतं. मला त्यांची फार आठवण यायची. मिरची नसतानाही डोळ्यांना पाणी यायचं आणि मास्क ते लपवू शकत नव्हता.

अशात माझ्या लेकीचं लग्न जमलं. सुपारीचा दिवस ठरला. आजोबांशिवाय सुपारी फोडायची नाही असं लेकीनं बजावलं. मी भावजयीकडून निरोप धाडला, त्यावर उलटा निरोप आला: तिचं तोंड उघडं असेल तर येईन, नाहीतर वाट बघू नका. माझं डोकं फिरलं. सुपारी नातीची, तोंड माझं कशाला बघायचंय? आमचे हे मध्ये पडू लागले तर त्यांनाही दोन शब्द ऐकवले, आणि बाजाराच्या दिवशी मिरचीची पोती तशीच टाकून मी मागून आलेल्या जीपमध्ये बसले. चार लोकांत विचारणार होते, की गावाच्या नादाला लागून पोरीला टाकता का म्हणून.

जनावरांच्या बाजारात बाया फिरकत नाहीत. त्यात मी मास्क लावलेली, म्हणजे दुहेरी तमाशा. माणसं आपणहून बाजूला होऊन वाट देत होती. शेणाचा, कडब्याचा, घामट जनावरांचा वास, आणि पायाखालून उठणारा फुफाटा; मनात म्हटलं, मास्क इथं नाही लावायचा तर कुठं लावायचा? आप्पा लिंबाच्या झाडाखाली उभे होते. एका शेतकऱ्याच्या हातावर उपरणं टाकून सौदा चालला होता. तो माणूस मधूनच काही बोलायचा, आप्पा त्याच्या तोंडाकडं टक लावून मान हलवायचे. बघता बघता सौदा जमला. रागात असूनही मला बरं वाटलं. म्हातारा अजून तयारीचा होता.

मग एक तरुण पुढं आला. त्याच्या तोंडावर निळा मास्क. बाजारात माझ्या जातीचं एक तरी माणूस आहे, म्हणून मी थबकले. त्यानं खिलारी जोडीकडं हात करून काहीतरी विचारलं. आप्पा बोललेच नाहीत. त्यानं परत विचारलं, मग सौद्यासाठी हात पुढं केला. आप्पांनी उपरणं खांद्यावरून काढलंच नाही. ते दोन पावलं मागं सरले आणि पाठ फिरवून बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत उभे राहिले. भोवतीचे लोक हसले. एक जण त्या तरुणाला म्हणाला, "आप्पाला मास्कवाल्याचा लई राग हाय बे."

पण मी बाजूला उभी होते आणि मला आप्पांचं तोंड दिसत होतं. त्या तोंडावर राग नव्हता. मी त्यांचीच लेक. तोंड वाचायला थोडंफार मलाही येतं. आप्पा घाबरले होते. माझ्या बापाला घाबरलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्या पाठीमागून गेले आणि हाक मारली. "आप्पा." त्यांनी वळून पाहिलं नाही. अजून राग धरलाय असं वाटून मी पुन्हा हाक मारली, आणि ह्या वेळी कांडपावरचा आवाज लावला, दोन मशिनींच्या वरून जाणारा. मास्क असला तरी तो आवाज अडत नाही. पलीकडचे व्यापारी वळले. चहावाला वळला. आप्पांच्या हाताखालचा बैलसुद्धा मान वळवून माझ्याकडं बघू लागला. आप्पा तेवढे शांतपणे त्याचं वशिंड कुरवाळत राहिले.

तेव्हा कुठं मला कळलं. आप्पांना ऐकू येत नव्हतं. कधीपासून, देव जाणे. सौदा बोटांचा, म्हणून बाजारात कुणाला पत्ता लागला नाही. बाकीचं ते ओठांवरून वाचत होते. माझ्या गिरणीत कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून मलाही पत्ता लागला नाही. ज्याचा मला अभिमान होता ते बापलेकीचं मन नव्हतं, ते माझे ओठ होते, आणि तेच मी झाकून ठेवले होते. कोरोनात साऱ्या जगानंच ओठ झाकले तेव्हा हा माणूस कसा राहिला असेल? आणि कुणाला सांगणार? दलालाला ऐकू येत नाही असं बाजारात एकदा फुटलं की दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण म्हणेल, मी बोललो एक आणि म्हाताऱ्यानं धरलं भलतंच. मग त्यांचा हात कुणी धरला नसता. म्हणून राग पुढं केला होता. हट्टी म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं.

मी वळसा घालून त्यांच्या समोर गेले. मास्क बघताच त्यांनी तोंड फिरवायला घेतलं. मी त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं मास्क काढला. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, सगळं तोंड, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कितीतरी वेळ.

"आता बोल," ते म्हणाले. "इतके दिस काय म्हनत व्हतीस?"

चार लोकांत ऐकवायला मी जीपमध्ये पाठ करून आणलेलं सगळं विसरले. भोवती माणसं जमली होती, बापलेकीचं भांडण बघायला मिळेल म्हणून कान टवकारून. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि अजिबात आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाले, आप्पा, पोरीची सुपारी हाय, तुमी या.

"येतो की," आप्पा साऱ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "त्यात रडतीस कावून?"