पट्टा उतरवण्याआधी

डॉक्टरांनी माझ्या डाव्या डोळ्यासमोर हात धरला आणि बोटं किती ते विचारलं. मला हातच दिसत नव्हता. उजव्या डोळ्याला दिसला, पण अगदी समोर आला तेव्हाच. "ग्लॉकोमा," डॉक्टर म्हणाले. मग समजावलं: हा काचबिंदू. डोळ्याच्या आत पाण्याचा दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत येते. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाचे थेंब घालून जपायची.

मी जव्हार संस्थानचा जंगल शिपाई. सूर्यमाळचं रान राखायचो. दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली तेव्हा मी रॉकेलला नावं ठेवली. कपाळ ठणकलं तेव्हा उन्हाला. रोजच्या पायवाटेवर झाडांवर आदळू लागलो, तेव्हा माझ्या बायकोने, काशीने, भगताला बोलावलं.

भगताने तांदूळ पाहिले. राजाचं पितळ अंगावर आहे तोवर उतार पडायचा नाही, म्हणाला. आमच्या पाड्यावर असं निघालं की ती वस्तू धन्याकडे ठेवायची आणि बरं वाटल्यावर परत आणायची, ही रीतच आहे. काशी जव्हारला जाऊन माझा पितळी बिल्ल्याचा पट्टा कचेरीत देऊन आली. कचेरीने समज करून घेतला की मी नोकरी सोडली.

उतार पडला नाही म्हणून काशीने मला दवाखान्यात आणलं, तिथे हे कळलं. डॉक्टरांनी सहज विचारलं, पट्टा कुठे आहे? मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "पट्टा परत दिला की कचेरी नोकरी सोडली असंच धरते. नोकरीत असताना अंग निकामी झालं तर संस्थान जन्मभर पेन्शन देतं. आपण होऊन सोडणाऱ्याला काही नाही."

डोळा गेल्याचं ऐकून मी रडलो नव्हतो. हे ऐकून मात्र धीर सुटला. आंधळ्याला घेऊन काशी एकटी किती राबणार?

डॉक्टरांनी संस्थानच्या कारभारीसाहेबांना निरोप धाडला. मी दवाखान्याच्या ओसरीवर पडून होतो. थेंब झोंबायचे. कुणाच्या वहाणा वाजल्या की मी उठून बसायचो. माझे डोळे वरून स्वच्छ, त्यामुळे शेजारचे रोगी विचारायचे, तुला झालंय तरी काय? साहेबांनाही मी ढोंगी वाटलो तर, याच भीतीने जेवण जाईना.

शेवटी बोलावणं आलं. "पट्टा दिलास म्हणजे नोकरी सोडलीस ना?" साहेबांनी विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून भगताचा आवाज आला. काशी त्याला सूर्यमाळहून घेऊन आली होती.

"पट्टा मीच ठेवाया सांगितला, साहेब. नोकरी सोड असं मी कवा बोललो? बरं वाटलं की न्यायचाच होता."

साहेबांनी काशीलाही विचारून घेतलं. मग त्यांनी पट्टा मागवला आणि म्हणाले, "बांध. तू अजून नोकरीतच आहेस."

मला बक्कल सापडेना. काशीने ते लावलं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे हात धरला आणि सांगितलं, हा शिपाई आता कामाला निकामी आहे. मग साहेब स्वतः उठले आणि त्यांनी माझ्या कमरेचा पट्टा सोडला. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

आता पेन्शन मिळते. उजव्या डोळ्याला काशीचा चेहरा दिसतो, ती समोर बसली तर. डॉक्टरांचे आणि भगताचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर भगताकडे जा, दवाखान्यात जा, पण पट्टा आपल्या हाताने उतरवू नका. ज्यांनी तो बांधायला दिला, त्यांनाच उतरवू द्या.