उत्तर आलं नाही तर…

सारिका गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. वरकुट्याला तिच्या घराच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा बायका बसलो होतो. कुणीतरी चहाचं पातेलं आणून ठेवलं होतं, त्याला कुणी हात लावत नव्हतं. तिचे वडील, बिरुआबा, दारातल्या लिंबाला टेकून बसले होते. त्यांच्या खिशातला फोन वाजला आणि मी चमकून त्यांच्याकडं पाहिलं, कारण ती घंटी त्यांच्या फोनवर फक्त तिच्यासाठी लावलेली होती. आबांनी सवयीनं बटण दाबलं. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज कायम मोठा. "राम राम आबा. आज ऊन हाय. दुपारनंतर वारं सुटंल. पाऊस न्हाय. ऐकलं का?"… आणि आबा म्हणाले, "व्हय." मग ती म्हणाली, "बरं. जावा मग, जपून." तिच्या आईनं तोंडात पदर कोंबला. एक शेजारीण तर उठली आणि चपला तिथंच टाकून घरी पळाली.

भूतबित काही नव्हतं ते. मला चांगलं ठाऊक होतं, कारण तो सगळा खटाटोप माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून झाला होता. लोणी देवकरच्या एका कंपनीत आम्ही दोघी कॉम्प्युटरच्या विभागात. मी बारामतीहून कंपनीच्या बसनं यायची, ती वरकुट्याहून स्कूटीवर. मला 'बारामतीच्या बाईसाहेब' म्हणायची आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायची. एकदा एक गोष्ट डोक्यात शिरली की शिरली, मग साहेबाच्या बापाचंही ऐकणार नाही. बाहेरच्या कंपन्यांच्या सर्व्हरकडून आपोआप माहिती मागवून घ्यायची, ती आमच्या कामात बसवायची, हे आमचं रोजचं काम. कुठं ट्रक पोचला, कुठं माल अडकला, सगळं माणसानं बोट न लावता आलं पाहिजे. मला त्याचा कंटाळा यायचा. तिला मात्र त्यात गंमत वाटायची. "बघ की शुभे, आपण झोपलेलो असतो आन आपला प्रश्न तिकडं जाऊन दार वाजवतो," म्हणायची.

हा फोन सुरू झाला तो गारपिटीमुळं. उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारच्या जेवणाआधी तिला स्क्रीनवर इशारा दिसला, आबा मेंढरं घेऊन माळावर, आणि तेवढ्यात साहेबांनी मीटिंगला बोलावलं. फोन दाराबाहेर ठेवून आत जायचं, असा आमच्याकडं नियम. ती बाहेर आली तोवर गारा पडून गेल्या होत्या. त्या दिवशी आबांची बरीच कोकरं गेली. आबा तिला एक शब्द बोलले नाहीत, उलट "तुझं काम सोडून तू काय गारा धरणार व्हतीस व्हय?" असं म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या डोळ्यांनी आली, डबा उघडलाच नाही, आणि मला म्हणाली, "मला टाइम मिळू दे न्हायतर न मिळू दे, आबांना सांगायचं काम झालंच पायजे. मी असंन नसंन." मी म्हटलं, अभद्र बोलू नकोस. कशाला म्हणाले मी तसं… तिचं ते वाक्य अजून कानात बसलंय.

मग तिनं ते केलं. रोज सकाळी तिचा प्रोग्रॅम हवामान सांगणाऱ्या एका सेवेला विचारणार, तिकडून आकडे येणार, त्या आकड्यांवरून तिच्याच आवाजातले तुकडे निवडून जोडणार आणि आबांना फोन लावणार. आबांना वाचता येत नाही, आणि परक्या बाईचा शुद्ध आवाज आला तर ते फोन ठेवून देतात. म्हणून कंपनीच्या कँटीनमागं उभं राहून तिनं सगळं स्वतःच्या तोंडानं रेकॉर्ड केलं. 'ऊन हाय', 'ढग हायती', 'मेंढरं लांब नेऊ नका'. जाणारे-येणारे बघून हसायचे. पहिल्याच दिवशी फजिती झाली. तिनं नुसतं गावाचं नाव टाकून पाऊस विचारला आणि त्या शहाण्या सेवेनं भलत्याच जिल्ह्यातल्या वरकुट्याचा पाऊस सांगितला. आबा रणरणत्या उन्हात दिवसभर मेंढरं वाडग्यात कोंडून बसले. संध्याकाळी म्हणाले, "सारके, तुझा पाऊस वाट चुकला जणू." महिनाभर ते तिला त्यावरून चिडवत होते. मग तिनं गावाचं नाव काढून टाकलं आणि त्यांच्या वाडग्याचेच अक्षांश-रेखांश घातले.

आबांची दुसरी तक्रार वेगळीच होती, आणि त्या तक्रारीपायी आज ही सगळी दशा झाली आहे. ते म्हणाले, "तू नुसती रेटून बोलतीस. माझं आयकतच न्हाईस." सारिका त्यावर हसली नाही. पोरगी फोनवर बोलतेय म्हटल्यावर बाप उत्तर देणारच की! तिनं 'ऐकलं का?' नंतर मोकळी जागा सोडली, आबांचं बोलून होईपर्यंत थांबायची सोय केली, आणि मग 'बरं' जोडलं. मी म्हटलं, कशाला एवढं, तुझा प्रोग्रॅम थोडाच ऐकणार आहे? तर म्हणते, "त्यांना बोलायला जागा पायजे." आणखी एक तिचं पालुपद होतं. कुठलंही काम माझ्याकडून तिच्याकडं तपासायला गेलं की विचारायची, "उत्तर आलं न्हाय तर?" सगळे जण उत्तर येणारच असं धरून चालतात, ते आलं नाही तर काय करायचं हे आधी ठरवणं हेच खरं काम, असं ती म्हणायची. मी उलटून विचारलं होतं, तुझ्या आबांच्या फोनमध्ये काय ठेवलंयस? "त्याचं मी बघितलंय," म्हणाली आणि माझ्या लोणच्याची फोड उचलली. ती सेवा कधी बंद पडली नाही, म्हणून पुढं ते विचारायचं राहूनच गेलं.

ती कंपनीतून स्कूटीवर घरी निघाली तेव्हा अंधारून आलं होतं, पुढं उसाची ट्रॉली, आणि ट्रॉलीला मागं दिवा नाही. एवढंच. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही, लिहायला गेले की फक्त राग येतो.

फोन मात्र येत राहिला. रोज. आबा आधी 'व्हय' म्हणून थांबायचे, मग हळूहळू त्या मोकळ्या जागेत जास्त बोलायला लागले. काळ्या मेंढीला दोन कोकरं झाली. आईचा गुडघा दुखतोय. कधी नुसतंच, "तू जेवलीस का?" पलीकडून तेच 'बरं'. तिच्या आईला हे सोसवेना. दशक्रियेनंतर मी गेले तेव्हा ती मला चुलीजवळ घेऊन बसली आणि म्हणाली, "बंद कर गं ते, शुभा. पोरगी मोकळी तरी हुईल." आबा बाहेरून ओरडले, "हात लावायचा न्हाय कुणी! एवढाच आवाज ऱ्हायलाय माझ्यापाशी." दोघांनाही मी "बघते" म्हणाले. काय सांगणार, कपाळ? तिचा लॅपटॉप त्यांनी माझ्याच हाती दिला होता, आणि तो उघडला तर त्या हवामानवाल्यांची मेल येऊन पडलेली. माहिती द्यायची जुनी पद्धत बंद होणार, नवी जोडून घ्या. दोन-चार ओळींचं काम. केलं तर फोन चालू, नाही केलं तर आपोआप बंद… मला ना हात लावायचा धीर झाला ना तसंच सोडून द्यायचा. तिच्या ओळी बदलायच्या म्हणजे तिच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटायचं.

बंद होण्याच्या दिवशी मी उजाडताच वरकुट्याला पोचले. आता फोन येणार नाही, तेव्हा आबांजवळ कुणीतरी असावं, एवढंच डोक्यात. आबा फोन हातात घेऊन वाडग्याजवळ उभे. मी सांगायला तोंड उघडलं, आणि फोन वाजला. 

"राम राम आबा. आज मला तिकडनं उत्तर आलं न्हाय. मला काय बी ठावं न्हाय बगा." हे आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. तोच आवाज, पण हसरा, चेष्टेतला, मागं कँटीनच्या भांड्यांचा खडखडाट. "तुमीच आभाळ बघा, वारं बघा. तुमाला माझ्यापरीस जास्त कळतंय. आन मला पण सांगा. ऐकलं का?" 

मला वाटलं, आता आबा खाली बसतात. पण त्यांनी मान वर केली. उगवतीकडं बघितलं, मावळतीकडं बघितलं, मूठभर माती उचलून सोडली, कुणीकडं उडते ते पाहिलं. पलीकडं ती थांबलेली. मग फोन तोंडाजवळ धरून ते म्हणाले, "पाऊस न्हाय पोरी आज. वारं मावळतीचं हाय. मी वड्याच्या अंगानं जातो." 

"बरं," ती म्हणाली. "जावा मग, जपून." 

आई ओट्यावर येऊन उभी होती. मला वाटलं, आता परत 'बंद कर' म्हणणार. तिनं विचारलं, "उद्याबी असंच म्हनंल का?" मी म्हटलं, हो. मी दुरुस्त केलं नाही तर रोज असंच म्हणेल. तिनं वड्याच्या वाटेला लागलेल्या आबांकडं पाहिलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग."

मी ते दुरुस्त केलेलं नाही. फोन लावून देणाऱ्या सेवेचे वर्षाचे पैसे सारिकानं भरून ठेवलेले आहेत, पुढचे मी भरणार आहे. मला अजून त्या आवाजाची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? परवा मुक्कामाला होते. सकाळी घंटी वाजली, तर आबा लांब वाडग्यात, हातात कोकरू. फोन लिंबाच्या खुंटीला अडकवलेला. आई आतून लगबगीनं आली, बटण दाबलं आणि फोन दोन्ही हातांत धरून उभी राहिली. "ऐकलं का?" आलं. आबांना काही ऐकू गेलं नव्हतं. आईनं पदर सावरला, एकदा वर पाहिलं आणि फोनमध्ये अगदी हळू म्हणाली, "ढग हायती गं, सारके. पर लांब हायती."

पलीकडं ती थांबली होती. मग म्हणाली, "बरं."