शेडमधली शेवंती आणि प्रकाशचा ऑब्जेक्ट

अक्षर धड नाही, शुद्धलेखन त्याहून वाईट. माफ करा. चौथीनंतर माझ्या हातात पेनापेक्षा सुरीच जास्त राहिली.

मी काजू कारखान्याच्या ऑफिसात दाराला टेकून उभी होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मालवणजवळच्या त्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्या खोलीत चप्पल काढून जायचं असे. मी प्रतवारीची मुकादम, म्हणजे आख्खे गर, पाकळी आणि तुकडा वेगळे करणाऱ्या अठरा बायकांची प्रमुख. त्या अठराही जणींच्या मजुरीत कॉम्प्युटरने पैसे कापले होते. कारण काय, तर सोलणाऱ्या बायकांचा दर वाढला. दर त्यांचा वाढला आणि कापले आमचे!

माझा भाचा प्रकाश मुंबईहून कॉम्प्युटर शिकून आलेला. तो शेटना आणि मॅनेजरना फळ्यावर समजावत होता. जुना प्रोग्रॅम म्हणजे एकच लांबलचक यादी. मधली एक ओळ बदलली की खाली भलतंच बिघडतं. नव्या पद्धतीत ऑब्जेक्ट करायचे. त्याला दोन महिने हवे होते. क्लास, मेसेज असं लिहून त्याने फळा भरला.

शेटनी जांभई दिली. "ता इंग्लिश रवांदे रे. माका काय एक कळूक नाय."

मॅनेजर म्हणाले, "चालू आहे ते मोडायचं कशाला? बायकांचे पैसे पुढच्या महिन्यात बघू."

चार माणसांत बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो. पण बाहेर पायरीवर अठरा जणी बसल्या होत्या.

"शेट, सोलणाऱ्या शेवंतीक तुमी काय सांगतास? धा किलो सोललेले गर दी. सुरी खंयची धरूची, बसूचा कसा, ता तिचा तिका ठावक. उद्या तिना सुरी बदलली तर माझा टेबल बंद पडता काय?"

"नाय," शेट म्हणाले.

"ह्योच ऑब्जेक्ट, शेट!" प्रकाश ओरडला. "शेवंती आपला काम, आपलो हिशोब आपल्याकडेच ठेवता. आपण फक्त मागूचा."

मॅनेजर हसले. "बाई, शेड वेगळी, कॉम्प्युटर वेगळा."

मग मात्र माझी लाज गेली. "आणि साहेब, तुमी भिंतीर लावलेली यादी?"

मागच्या वर्षी साहेबांनी भाजण्यापासून डबा भरण्यापर्यंतची सगळी कामं एका कागदावर ओळीने लिहिली होती. क्रम मोडायचा नाही, असा हुकूम. नेमका ओला काजू आला. वाळवण अडलं. आमच्या टेबलावर आदल्या दिवशीच्या गरांचा ढीग होता, पण यादीत आमची पाळी आली नव्हती. साहेबांची सही होती, म्हणून आम्ही अगदी मन लावून बसून राहिलो. दोघी तर घोरत होत्या.

शेट पोट धरून हसले. "म्हणजे तुमचीच यादी कोणीतरी मशीनीत घातल्यान, साहेब!"

प्रकाशला दोन महिने मिळाले. लागले तीन. पुढे काजूचं टरफल फोडणाऱ्या बायकांचा दर बदलला, तेव्हा त्यांचा तेवढाच ऑब्जेक्ट बदलला. आमच्या मजुरीला धक्काही लागला नाही. आता पाहुणे आले की मॅनेजरच त्यांना शेवंतीचं उदाहरण देतात, जसा काही शोध त्यांचाच.

मी एवढंच शिकले की साहेबाला नवीन काही पटवायचं तर त्याची जुनी चूक दाखवावी, आणि तीही शेट समोर असताना.

कापलेल्या पैशांसाठी मात्र शेटनी नव्या प्रोग्रॅमची वाट बघितली नाही. त्याच शनिवारी त्यांनी स्वतः मोजून अठराही जणींच्या हातात सगळे पैसे परत दिले.