नाताळाला वाचलेली वंशावळ

धाकट्या भावानं नाताळाच्या जेवणाला एक वाजता यायचं कबूल केलं होतं. तीन वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता. सकाळची उपासना आटोपून आम्ही कधीच घरी आलो होतो. मटणाचा रस्सा दोनदा गरम करून झाला होता, आणि शुगर असलेली आई करंज्यांच्या डब्याकडे बघत बसली होती. बायको म्हणाली, “अहो, सण आहे. आज तरी तोंड आवरा.”

तोंडावरच तर मी पोट भरलंय. शेवगाव, तिसगावच्या बाजारात शेळ्या-बोकडांचा व्यापार करतो मी. सातवीत शाळा सोडली तेव्हा घरात दोन शेळ्या होत्या. आम्हा दोघा भावांना शिकवणं वडिलांना झेपत नव्हतं, आणि धाकट्याचं डोकं बरं, असं ठरलं. ठरवताना मला कुणी विचारलं नाही. तो पुढे मास्तर झाला.

तेही एक वेळ असू दे. आमच्या घरी नाताळाच्या जेवणाआधी प्रभूच्या जन्माचा भाग मोठ्यानं वाचतात. वडील वाचायचे. त्यांची नजर गेली तेव्हा तो मान त्यांनी धाकट्याला दिला. म्हणाले, “त्याचे उच्चार शुद्ध आहेत.” वडील जाऊन सहा वर्षं झाली तरी अजून तोच वाचतो, हल्ली तर मोबाईलवरून. घर मी बांधलेलं, बोकड माझं, थोरला मी. आणि मी हात जोडून ऐकायचं. यंदा मी वाचणार, हे आईला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं.

सव्वातीनला गाडी दारात आली, धाकटा आणि भावजय उतरले.

“दादा, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता.”

“ट्रॉल्या काय आज पहिल्यांदा निघाल्या? घरून लवकर निघायला काय झालं होतं?”

“बरं, चुकलं. वाचून घेऊ पटकन, म्हणजे बसता येईल.” त्यानं मोबाईल काढला.

“ठेव तो खिशात. आज मी वाचतोय.”

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला.

मी वडिलांचं पवित्र शास्त्र, त्यांचं जुनं बायबल, कपाटातून काढलं. त्यात त्यांनी खूण म्हणून घातलेलं एसटीचं जुनं तिकीट अजून तसंच होतं. तेच जन्माचं पान, असं धरून मी वाचायला लागलो. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. दोन ओळींतच चूक कळली. ही जन्माच्या आधीची वंशावळ होती. चाळीसेक नावं, सगळी जीभ अडखळवणारी.

“दादा,” भाऊ हळूच म्हणाला, “गोष्ट खाली आहे. ही वंशावळ आहे.”

बाजारात एकदा भाव बोललो की मी मागं फिरत नाही. फिरलो की समोरचा दिवसभर खेळवतो.

“कळतंय मला. इथूनच वाचणार.”

वाचत राहिलो. भावजय पदरात तोंड घालून हसत होती. बायको चुलीपाशी जाऊन भांडी आदळत होती. माझे कान तापले होते. पण ती नावं लहानपणी आम्ही दोघांनी रविवारच्या शाळेत ऐकलेली, वाचता वाचता एकेका नावामागची गोष्ट आठवत गेली. यानं थोरल्या भावाचा हक्क मसुराच्या वाटीभर आमटीवर काढून घेतला. तिथं मी जरा थांबलो. याच्या पोरांनी आपल्याच भावाला वाटेनं जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकला. यानं दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मारवला. तलाठ्याच्या दारात हमरीतुमरीवर येणारी घरं मी पुष्कळ पाहिलीत, ती यांच्यापुढे बरी. एकाचंही घर धड नाही. आणि अशा माणसांमागून माणसं येत खाली, शेवटी, प्रभूचा जन्म. तोही त्याच यादीत, त्यांच्याच घरचा. ते नाव माझ्या तोंडून फार हळू आलं.

“झालं?” आईनं विचारलं.

“झालं.”

“केवढं हे कुटुंब! एवढ्या मान्सांचं कधी पटलं आसंल व्हय?”

“न्हाई आई, लई भांडले,” भाऊ म्हणाला. मास्तर झाल्यापासून तो असं गावाकडचं बोलला नव्हता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “दादा, आज मसुराची आमटी नाही ना केलेली?”

“रस्सा हाय. आमटीवर मी एकदाच फसलो.”

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. पंगतीत बसल्यावर ताटाकडे बघत म्हणाला, “तेव्हा मी चौथीत होतो, दादा. मलाही कुणी विचारलं नव्हतं.”

इतकी वर्षं मी त्याला मास्तर म्हणूनच धरून भांडत आलो. चौथीतला तो कधी डोळ्यांपुढे आलाच नव्हता.

“जेव,” मी म्हणालो. रस्सा आटून खारट झाला होता. त्यानं दोनदा मागून घेतला.

माझा राग गेला, असं मी लिहिणार नाही. त्याचं उशिरा येणं मला अजून सलतं, वडिलांचं ते बोलणं त्याहून जास्त. पण आमच्या घरात प्रभू यायचा तर आधी घर सुधारायला हवं, हे जे मी धरून बसलो होतो, ते आता तितक्या ठामपणे म्हणवत नाही.

एसटीचं तिकीट मी त्याच पानात परत ठेवलं. पुढच्या नाताळाला धाकट्याला वाचायचं असेल तर खुशाल वाचावं. पण पहिल्या नावापासून. त्यात सूट नाही.