थॉर्नविकचं शेवटचं शिंगरू

माझा नवरा जेबेझ आउथवेट माल्टनला कर्नलसाहेबांच्या तबेल्यात मोतद्दार. थॉर्नविक घोडा त्याने अठरा वर्षं सांभाळला. लग्नातसुद्धा याच्या कोटाला घोड्याचा वास, आता बोला.

थॉर्नविक चार हंगाम धावला, दोनदाच हरला. यॉर्कला पायातला नाल निखळला, तरी पहिला आला. पुढे पैदाशीला ठेवल्यावर स्कॉटलंडहूनही घोड्या यायच्या. पण शिंगरं निघायची दिसायला देखणी आणि पळायला ठोंब. असं कसं, या विचारात जेबेझचं जेवणातही लक्ष नसायचं.

एका जानेवारीत म्हातारा थॉर्नविक खंगला. पैदाशीचा हंगाम सुरू व्हायचा फेब्रुवारीच्या मध्यावर; तेवढा तो तगेलसं वाटेना. साहेब परदेशी होते. जेबेझने आपल्याच डोक्याने महिनाअखेरीस डॅम्सन ही चपळ घोडी त्याला दाखवली. घोडी फळली आणि आठवड्यात थॉर्नविक गेला. जेबेझ ढसाढसा रडला.

मग आमचं बोटं मोजणं सुरू झालं. शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचं वय एक जानेवारीलाच वाढतं. आदल्या दिवशी जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी वर्षाचं धरतात. मग जन्मभर वर्षाने थोरल्यांशी पळा. म्हणजे कारभार आटोपलाच. घोडीला अकरा महिने लागतात, थोडं इकडेतिकडे. सगळा तबेला तिच्या पोटाकडे डोळे लावून बसला.

एकतीस डिसेंबरला सकाळी दहाला ती व्याली. जवळ आम्ही दोघंच.

"उद्याची तारीख घाल," मी म्हणाले. "कोणाला कळतंय?"

"केझाया, गप्प बस."

"का गप्प बसू? घाई तू केलीस, भोगायचं या पोराने?"

त्याने जन्मनोंदीत त्याच दिवसाची तारीख घातली.

साहेबांनी आल्यावर ती नोंद पाहिली. "व्यायली तेव्हा कोण होतं तिथे?"

"मी आणि बायको."

"मग एक दिवस पुढची तारीख घालायला काय धाड भरली होती तुला? घेऊन जा ते शिंगरू, गाडीला जुंप."

मी म्हणाले होते तेच ते बोलले, तरी मला साहेबांचाच राग आला, नवलच म्हणायचं.

तिसऱ्या वसंतात आमच्या कुरणाच्या कुंपणापलीकडे साहेबांचे घोडे पळायला सोडले. आमच्या शिंगरानंतर दोन-तीन महिन्यांनी जन्मलेले; तारीख उद्याची घातली असती तर ज्यांच्याशी हा पळाला असता तेच. आमचं पोर अलीकडून त्यांच्या बरोबरीने सुटलं आणि बघता बघता सगळ्यांना मागे टाकून गेलं. माझा ऊर भरून आला. वळून पाहिलं तर जेबेझ पाठ करून उभा. त्याला बघवत नव्हतं.

"कोण पुढे?" त्याने विचारलं.

"त्यांचेच," मी म्हणाले. "आपलं कसलं पळतंय."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी घोड्याला लांब ओढ्यापलीकडच्या कुरणात बांधायला लागले.